डिझेलची घनता आणि माझी फजिती

मित्रांनो, घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे आपण शाळेपासून पाठ केलंय. मला ते खरं समजलं मे महिन्यात, पिंपरी पेंढारला.

ट्रॅक्टर ओढत नव्हता. वडील म्हणाले, "डिझेलात रॉकेल असणार." मी होणारा इंजिनिअर! तडक कल्याण-नगर रस्त्यावरच्या पंपावर गेलो आणि घनता मोजायला लावली. फलकावर ८३०, हायड्रोमीटरवर ८१६. चार गिऱ्हाइकांदेखत मी ओरडलो, "भेसळ!"

पंपावरचे काका शांतपणे म्हणाले, "थर्मामीटर बघितलास का?"

पारा ३५ अंशांवर होता. फलकावरची घनता असते १५ अंश सेल्सिअसची. तापलं की डिझेल फुगतं. दर अंशाला घनता घनमीटरमागे सुमारे ०.७ किलोने उतरते. २० अंशांचे झाले १४! काकांनी तक्ता उघडून दाखवला: ८३०. रॉकेल हलकं, त्यानेही घनता उतरते. म्हणून १५ अंशांवर आणल्यानंतरही फरक ३ किलोपेक्षा जास्त निघाला, तरच संशय घ्यायचा.

काकांची माफी मागून घरी आलो. ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर चोंदलेला निघाला.

तेव्हा मित्रांनो, लॅबमध्ये रीडिंग घेताना तापमानाचा रकाना कोरा सोडू नका. उन्हाचा दोष माणसाच्या माथी बसतो.