जुना संगणक, नवा खेळ आणि थोडे गणित



समजा, घरात सात-आठ वर्षांचा जुना संगणक आहे. बाबा त्यावर हिशेब ठेवतात, ताई परीक्षेचे अर्ज भरते. तुम्हांला त्यावर नवा खेळ खेळायचा आहे. पण चित्र अडखळत सरकते. साठवलेले पैसे बेताचेच. मग कोणता भाग बदलावा? दुकानात जाण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन बसा.

पडद्यावर हालचाल दिसते, ती खरे तर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची असते. सेकंदाला ६० चित्रे आली, तर खेळ सुरळीत वाटतो. म्हणजे एका चित्राला १००० ÷ ६० = सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात.

या चित्रामागे दोघे राबतात. कोण कोठे आहे, चेंडू कोठे पडेल, हे प्रोसेसर ठरवतो. ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. ६० चित्रांसाठी सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपके रंगवावे लागतात!

आता समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला २० आणि कार्डाला ५० मिलिसेकंद लागतात. एकजण पोळ्या लाटतो नि दुसरा भाजतो, तशी ही कामे बरोबरीने चालतात. म्हणून वेग ठरतो तो सावकाश काम करणाऱ्यावरून : १००० ÷ ५० = २० चित्रे. १० मिलिसेकंदांचे नवे कार्ड बसवले, तर आता प्रोसेसर मागे पडेल व १००० ÷ २० = ५० चित्रे मिळतील. दुप्पट किमतीचे, ५ मिलिसेकंदांचे कार्ड आणले तर? तरीही ५०च! वरचे पैसे वाया गेले.

मागे कोण पडते, हे फुकटात ओळखता येते. खेळाच्या सेटिंगमध्ये 'व्हीसिंक' बंद करा आणि रिझोल्यूशन कमी करा. चित्रसंख्या बरीच वाढली, तर अडचण कार्डाची. जवळपास तेवढीच राहिली, तर प्रोसेसरची किंवा मेमरीची.

खेळ सुरू व्हायलाच वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्क पाहा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात; हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. मात्र तिने खेळ लवकर उघडतो, रंगवण्याचा वेग वाढत नाही.

शेवटी विजेचा हिशेब. मदरबोर्डवरच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते. जुन्या, हलक्या एसएमपीएसवर असा भार टाकल्यास संगणक मध्येच बंद पडेल किंवा एखादा भाग जळेल. म्हणून ७५ वॅटच्या आतले कार्ड बरे.

काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. आधी बाबांच्या हिशेबाची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. प्लग काढा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि आतल्या कपॅसिटरमध्ये तो भार प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो.

आता हे तुम्ही सोडवा : एका संगणकात प्रोसेसरला २५ व कार्डाला १५ मिलिसेकंद लागतात. नवे कार्ड घेतल्यास सेकंदाला किती चित्रे वाढतील? उत्तर काढा आणि मगच पैशांना हात लावा.