फक्त दोन आटे

अकरा वाजता फीत कापायची होती. मंडपात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, शाळेची मुलं बसमधून उतरत होती आणि आमच्या इंजिनाच्या फायरबॉक्सच्या खालच्या कोपऱ्यातल्या वॉशआउट प्लगमधून, म्हणजे बॉयलर धुण्यासाठीच्या बुचातून, पाण्याची बारीक धार लागली होती. गेजवर काटा तीन किलोवर होता. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "काका, पाव फेरा आवळतो." मी नको म्हणेपर्यंत त्यानं पाना लावलासुद्धा.

प्लग सुटला. पोरगा बाजूला सरकून उभा होता म्हणून तोंड वाचलं. उजवा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तीन किलो दाबाला बॉयलरमधलं पाणी 140 अंशांच्या वर तापलेलं असतं. दाबाखाली आहे तोवर ते पाणी राहतं, बाहेर पडताक्षणी त्यातल्या काही भागाची वाफ होते, आणि एका लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. आम्ही आग खाली पाडली, पोराला गार पाण्याच्या धारेखाली धरलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. समारंभ झाला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. पोराच्या आईसमोर उभं राहताना जे वाटलं, ते इथे लिहिता येणार नाही.

मी बॉयलरमेकर. रेल्वेत अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, 'अंतिम सितारा', 1970 साली बाहेर पडून गेलं होतं. नवं काम संपलेलं, जुन्याची दुरुस्ती तेवढी चालू. म्हणजे ज्यांनी हे काम हातानं केलंय अशी माणसं आता कमीच उरलीत. म्हणूनच एका हौशी मंडळानं साखर कारखान्याच्या आवारात चौथऱ्यावर गंजत पडलेलं दोन फुटी गेजचं टँक इंजिन पर्यटकांच्या छोट्या लाइनसाठी चालू करायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. लहानपणी आजोळी नेरळला जायचो. माथेरानची गाडी 1907 सालची, तिची ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची इंजिनं घाट चढताना मी तासन्‌तास बघत बसायचो. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळणार, एवढंच डोक्यात होतं.

चूक त्या सकाळी झाली नाही, ती पहिल्याच महिन्यात झाली. देणगीदार बघायला यायचे, त्यांना काहीतरी दिसायला हवं, म्हणून आम्ही आधी रंग काढला, चिमणीचं पितळ घासलं, टाक्यांवर हिरवा रंग चढवला. चार महिने आणि हातातले बरेचसे पैसे त्यातच गेले. जुनं इंजिन हाती घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे, आणि ते मी हात जोडून सांगतो: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. बॉयलर फ्रेमवरून उतरवा, अंगावरचे पत्रे काढा, ट्यूबा काढून टाका आणि विजेरी घेऊन आत शिरा. आतून तो काय सांगतो ते ऐकल्याशिवाय खर्चाचा आकडा आणि तारीख कुणालाही देऊ नका.

पत्रे काढण्याआधी एक काम. त्यांच्याखाली बॉयलर गरम राहावा म्हणून पांढरट लगद्यासारखं लॅगिंग असतं. जुन्या इंजिनांत ते बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस असतं. आमच्या तरुणपणी आम्ही ते नुसत्या हातांनी ओरबाडून काढायचो, खाली सांडलेलं झाडूनं झाडायचो. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि रोग तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. माझ्या शॉपमधली काही माणसं धाप लागून गेली. तेव्हा त्याचं कारण कुणी विचारलं नाही. आधी नमुना तपासून घ्या. ॲसबेस्टॉस निघालं तर ते काढण्याची परवानगी आणि साधनं असलेल्यांकडूनच काढून घ्या. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

आता स्टे. आतली फायरबॉक्स आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये पाणी असतं, आणि दोन्ही पत्रे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून शेकडो स्टे त्यांना जखडून धरतात. एकेका स्टेवर हलक्या हातोडीनं टिचकी मारत जायचं. चांगला स्टे खणखणीत वाजतो. तुटलेला बद्द वाजतो, आणि दुसऱ्या हाताचं बोट शेजारी टेकलेलं असेल तर बोटालाही तो वेगळा लागतो. कान तयार व्हायला मला दोन वर्षं लागली. स्टेच्या टोकाला मध्यावर बारीक भोक पाडलेलं असतं, तुटला की त्यातून पाणी येऊन तो स्वतःच ओरडतो. पण ते भोक रंगानं नाहीतर कुणीतरी ठोकून बुजवलेलं असू शकतं. आमच्या इंजिनात नऊ भोकं बुजवलेली निघाली आणि त्यातले चार स्टे तुटलेले होते. जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र जरूर लावा. सगळ्यात जास्त मापं फायरबॉक्सच्या तळाच्या रिंगजवळ घ्या. तिथे वर्षानुवर्षं गाळ बसतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून हात फिरवून काहीही कळत नाही.

हे सगळं आम्ही केलं. उशिरा केलं, पण नीट केलं. ट्यूबा नव्या बसवल्या, स्टे बदलले, आणि कामाचा दाब 11 किलो म्हणून बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरून 16.5 किलोला हायड्रॉलिक टेस्ट केली. ती पाण्यानंच करतात, कारण पाणी दाबलं जात नाही. काही फुटलं तर पाणी सांडतं, स्फोट होत नाही. म्हणून आतली हवा पूर्ण काढायची. काटा अर्धा तास हलला नाही. आम्ही एकमेकांना पेढे दिले.

आणि मग पाणी सोडायला सगळे वॉशआउट प्लग उघडले. आतला कीस धुऊन काढला, प्लग परत बसवले. समारंभाला दोन दिवस उरले होते, माणसं रात्रीचा दिवस करत होती. कोणता प्लग कुणी बसवला, कुठे लिहिलेलं नव्हतं. अपघातानंतर तो प्लग मी तळहातावर घेऊन उजेडात धरला. निमुळता गनमेटलचा प्लग. वरच्या फक्त दोन आट्यांवर घासल्याच्या चकचकीत रेघा होत्या, बाकीचे आटे कोरे. तो तिरका बसला होता आणि भोकातले जुने आटेही झिजलेले होते. टेस्ट पास झाली होती ती दोन दिवसांपूर्वीच्या बॉयलरची. प्लग उघडला त्या क्षणी ती आमच्यापुरती रद्द झाली होती, आणि सगळ्यात जुना माणूस म्हणून हे मी बोलायला हवं होतं.

म्हणून आता प्रत्येक प्लगला नंबर, त्याच्या भोकालाही तोच नंबर. हातानं किती आटे बसले ते मोजायचं, वहीत लिहायचं, सही करायची. वाफ असताना गळणाऱ्या प्लगला पाना लावायचा नाही. आग पाडायची, दाब शून्यावर येऊ द्यायचा, मग बघायचं. यात माणूस कितीही अनुभवी असला तरी सूट नाही.

त्या सकाळी आणखी एक पाप झालं होतं. थंड बॉयलरमध्ये पहाटे पाचला भडक आग घातली होती. आगीतल्या ट्यूबा भराभर लांबतात, बाहेरचं जाड कवच थंडच असतं, आणि त्या ओढाताणीत, ट्यूबा ज्या पत्र्यात बसतात त्या ट्यूबप्लेटमधले जोड सैल होतात. नंतर मोजल्या तर सतरा ट्यूबा पाझरत होत्या. सगळ्या पुन्हा फुगवून घ्याव्या लागल्या.

अशा चुका दुसरीकडेही झाल्यात. अमेरिकेत गेटिसबर्गला 1995 साली पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या इंजिनात पाणी कमी झालं, फायरबॉक्सचं छत तापून खाली आलं आणि तिघे भाजले. देखभालीतली ढिलाई चौकशीत निघाली. त्यानंतर तिथले नियम कडक झाले: 1,472 दिवस चालवल्यावर किंवा 15 वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बॉयलर पूर्ण उघडायचा. आपल्याकडच्या हौशी मंडळांनी तो आकडा भिंतीवर लावावा असं मला वाटतं. आणि बॉयलर इन्स्पेक्टरला शेवटी सहीसाठी बोलावण्याऐवजी पत्रे काढाल त्या दिवशीच बोलवा.

दुसऱ्यांदा पेटवलं ते आठ महिन्यांनी. कुणालाही बोलावलं नव्हतं. दुपारी चारला लाकडाची मंद आग, रात्रभर तेवढीच. दर तासाला कवचाला हात लावून बघायचो. पहाटेपर्यंत ते सगळीकडून सारखं कोमट झालं होतं. सकाळी दहाला काटा एक किलोवर आला. पोराचा हात बरा झाला होता, कातडी अजून गुलाबी होती. विजेरी आणि वही घेऊन तो एकेका प्लगपाशी दोन हात लांब उभा राहून बघत होता आणि नंबर मोठ्यानं वाचत होता: एक, कोरडा. दोन, कोरडा. तीन, कोरडा.