मोटारीचा आलेख जलद कसा करावा?



विहिरीवरील मोटार किती अँपिअर घेते याची दर मिनिटाला नोंद ठेवली, तर वर्षाला ५,२५,६०० नोंदी होतात. घरचा मुलगा पायथन भाषेत त्यांचा आलेख काढतो, पण तो पुढे-मागे सरकवताना संगणक अडखळतो. लगेच नव्या संगणकाचा खर्च करू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पायथनमध्ये आलेखासाठी मॅटप्लॉटलिब हे फुकट मिळणारे साधन आहे. जॉन हंटर या अमेरिकन मेंदू-शास्त्रज्ञाने फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी पाहण्याच्या कामातून ते घडविले व २००३ साली खुले केले.

१) दर वेळी नवी रेषा काढू नये. जुन्या रेषा साचतात व संगणक त्या सगळ्या पुन्हा काढत बसतो. एकच रेषा ठेवून 'सेट-डेटा' या हुकमाने तिचे आकडे बदलावेत.

२) एक सरी फुटली म्हणून आपण सगळे रान नांगरत नाही. तसेच चौकट व मागची आखणी एकदाच काढून जपून ठेवावी व फक्त हलणारी रेषा नव्याने काढावी. यास 'ब्लिटिंग' म्हणतात. मात्र खिडकीचा आकार किंवा आलेखाचे माप बदलले, की मागची आखणी पुन्हा काढून जपावी लागते.

३) पडदा १,९२० ठिपके रुंद असेल, तर एका उभ्या ओळीत सुमारे २७४ नोंदी कोंबल्या जातात. त्या कमी कराव्यात, पण कशा, हेच महत्त्वाचे आहे.

समजा, १४ अँपिअर घेणारी मोटार १० मिनिटे २० अँपिअर घेते. कॉइल जळण्याची ही पूर्वसूचना! दर २७४ वी नोंद घेतली, तर ती बहुधा निसटते. सरासरी काढली, तर १४.२ येते, म्हणजे सारे आलबेल दिसते. म्हणून प्रत्येक २७४ नोंदींतून सर्वांत कमी व सर्वांत जास्त, असे दोनच आकडे घ्यावेत. ५,२५,६०० ऐवजी ३,८४० बिंदू उरतात आणि २० चा सुळकाही शाबूत राहतो. एखादा दिवस मोठा करून पाहताना मात्र मूळ नोंदींतूनच पुन्हा आकडे काढावेत, मूळ नोंदी कधी पुसू नयेत.

थोडक्यात, आलेख हलका करावा, पण ज्या धोक्यासाठी तो काढला तोच गाळू नये. रिवाइंडिंगचा खर्च वाचला, तरच त्या आलेखाचा उपयोग.