वाट तशी गाडी

१४.१ प्रास्ताविक

'देश तसा वेश' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. प्रदेश बदलला की माणसाचे कपडे बदलतात, घरांची छपरे बदलतात. वाहनालाही हाच नियम लागू पडतो. डांबरी रस्त्यावर वाऱ्यासारखी धावणारी गाडी पावसाळ्यात शेताच्या वाटेवर असहाय होऊन उभी राहते. अशा वाटांसाठी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्या तयार झाल्या. मात्र त्या सगळ्या सारख्या नसतात. आडवाटेने जाणारे चालक त्यांपैकी एक गाडी पसंत करतात आणि दुसरी नाकारतात, ते कोणत्या कारणांनी, याचा विचार या पाठात रायपूर परिसराच्या आधारे केला आहे.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांचे प्रमुख प्रकार सांगता येतील;
• माती, पाणी, वजन आणि दुरुस्ती यांचा वाहनाच्या निवडीशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल;
• स्वतःची निवड सकारण मांडता येईल;
• संकेतार्थी वाक्ये ओळखता व तयार करता येतील.

१४.३ मूळ पाठ

(१) आधी माती ओळखावी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर हे त्याच्या राजधानीचे शहर झाले. शहरातून चारी दिशांना महामार्ग जातात. परंतु महामार्ग सोडून खेड्याकडे वळले, की रस्त्याचे काम मातीच करू लागते.

छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला प्रामुख्याने चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरची लाल, मुरमाड जमीन म्हणजे 'भाठा'. उतारावरची पिवळसर, हलकी जमीन म्हणजे 'मटासी'. सखल भागातली काळी, चिकण जमीन म्हणजे 'कन्हार'. मटासी आणि कन्हार यांच्यामधली ती 'डोरसा'. कन्हार ही महाराष्ट्रातील काळ्या रेगूर जमिनीची सख्खी बहीणच म्हणावी लागेल. ही नावे पिकांसाठी पडली असली, तरी वाहनचालकालाही ती तितकीच उपयोगी आहेत.

भाठ्यावर पाणी फार काळ थांबत नाही. खडीमुळे चाकांना पकड मिळते. त्यामुळे साधी गाडीही पावसात तेथून पार होऊ शकते. कन्हारची गोष्ट वेगळी आहे. वैशाखात ती भेगाळून दगडासारखी टणक होते. पण दोन सरी पडल्या, की तीच माती टायरच्या खाचांमध्ये घट्ट बसते. खाचा भरल्या, की टायर गुळगुळीत होते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून जाणता चालक 'रस्ता किती खराब आहे?' एवढेच विचारून थांबत नाही. 'माती कोणती आणि महिना कोणता?' हेही तो विचारतो.

(२) चार चाके, पण शक्ती कोणाला?

बहुतेक मोटारींत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे, म्हणून त्यांच्यामध्ये 'डिफरन्शिअल' नावाची दंतचक्रांची रचना असते. वळणावर वरदान ठरणारी हीच रचना चिखलात मात्र अडचण निर्माण करते. एक चाक चिखलात आणि दुसरे घट्ट जमिनीवर असेल, तर चिखलातले चाक गरगर फिरत राहते आणि घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार गरजेपुरती चार चाके चालवणाऱ्या गाड्यांचा. या गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवर चालतात. चालकाने दांडा ओढला, की पुढची चाकेही जोडली जातात. त्यांच्यात बहुधा 'लो' गिअरची सोय असते. त्यामुळे चाके संथ, पण मोठ्या जोराने फिरतात. या जोडणीत पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरतो. कोरड्या डांबरी रस्त्याच्या वळणावर पुढच्या व मागच्या चाकांनी कापलेले अंतर सारखे नसते. त्यामुळे यंत्रणेवर ताण येतो. चिखलात चाक थोडे घसरते आणि तो ताण निघून जातो. म्हणून ही जोडणी चिखलात, वाळूत किंवा ओल्या चढावर वापरायची आणि कोरड्या रस्त्यावर काढून टाकायची असते.

दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत चारही चाकांना सदैव शक्ती मिळते. पुढच्या व मागच्या आसांमध्ये आणखी एक डिफरन्शिअल असल्यामुळे त्या डांबरी रस्त्यावरही निर्धोक चालतात.

तिसरा प्रकार आपोआप जोडणाऱ्या गाड्यांचा. त्या सामान्यतः पुढच्या चाकांवर चालतात आणि चाक घसरू लागले, की काही शक्ती मागे पाठवतात. ओल्या रस्त्यावर त्या उत्तम चालतात. परंतु बहुतेकींना 'लो' गिअर नसतो. खोल चिखलात दीर्घकाळ झगडावे लागले, तर त्यांची जोडणी तापू शकते.

(३) निवडीची काही उदाहरणे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली जीप हे या वाहनांचे प्रसिद्ध मूळ रूप होय. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जीपच्या जोडणीस आरंभ केला. त्याच परंपरेतील 'थार' ही गाडी २०१० मध्ये आणि तिची नवी आवृत्ती २०२० मध्ये बाजारात आली. मारुतीची 'जिप्सी' १९८५ मध्ये, तर 'जिमनी' २०२३ मध्ये आली. पुण्याच्या फोर्स मोटर्सने 'गुरखा'ची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आणली.

जिप्सीचे वजन सुमारे एक टन होते. हलकी गाडी मऊ जमिनीत कमी रुतते आणि रुतली, तरी चार माणसे तिला ढकलून बाहेर काढू शकतात. रचना साधी आणि टप उघडा असल्यामुळे कान्हा, ताडोबा यांसारख्या अभयारण्यांत पर्यटकांसाठी ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. जिमनीचे वजन सुमारे १,२०० किलो आहे आणि तिचाही भर हलकेपणावरच आहे. याउलट २०२० च्या थारचे वजन १,७०० किलोंहून अधिक आहे. परंतु तिच्यात डिझेल इंजिनाचाही पर्याय मिळाला. डिझेल इंजिन कमी गतीतही मोठा जोर देते. माणसे आणि सामान भरून चढ चढायचा असेल, तर हा जोर कामी येतो. गुरख्यात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांवरील डिफरन्शिअल जखडून टाकण्याची सोय आहे. कर्णावर असलेली दोन चाके अधांतरी झाली, तरी उरलेली दोन चाके तिला ओढून नेतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जानेवारी २०२३ पासून थारची केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही मिळू लागली. बाहेरून दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच दिसतात. रूप पाहून गाडी घेणाऱ्याला हा भेद कन्हारच्या चिखलात कळला, तर तो फार उशिरा कळला असेच म्हणावे लागेल.

गरज बदलली, की निवड कशी बदलते, याचे बोलके उदाहरण भारतीय सैन्याचे आहे. सैन्याने अनेक वर्षे जिप्सी वापरली. पुढे ८०० किलो भार वाहणारी, पक्क्या छताची आणि वातानुकूलित गाडी हवी, असे ठरले. प्रदीर्घ चाचण्यांनंतर २०१७ मध्ये टाटांच्या 'सफारी स्टॉर्म' या ३,१९२ गाड्यांचा करार झाला. जिप्सी तोवर निकामी ठरली होती असे नाही. सैन्याची गरज बदलली होती.

दुरुस्तीची सोय हाही निवडीचा मोठा निकष आहे. जवळच्या गावातल्या मिस्त्रीला जी गाडी उघडता येते आणि जिचे सुटे भाग रायपूरच्या बाजारात सहज मिळतात, ती गाडी कागदावर कमी शक्तिमान असली, तरी अनेकांना अधिक भरवशाची वाटते. दुर्गम भागात रोज जाणाऱ्याला हा भरवसा लाखमोलाचा असतो.

(४) गाडीची मर्यादा आणि माणसाची जबाबदारी

गाडी समर्थ असली, की चालकाचे धाडस वाढते आणि धोकाही तेथूनच सुरू होतो. थार ६५० मिलिमीटर आणि गुरखा ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे उत्पादक सांगतात. म्हणजे साधारण दोन फूट किंवा थोडे अधिक. परंतु तेवढ्याच खोलीचे वेगाने वाहणारे पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते. पाऊस पडला, की छत्तीसगडमधील नाल्यांवरच्या सखल फरशी पुलांवरून, म्हणजे 'रपट्यां'वरून, पाणी वाहू लागते. त्या वेळी पुलाची कड दिसत नाही आणि खालचा भाग खचला आहे की नाही, हेही समजत नाही. अशा प्रसंगी थांबणे हाच शहाणपणा. चारही चाकांची शक्ती वाहत्या पाण्यापुढे चालत नाही.

दुसरी जबाबदारी जमिनीविषयीची आहे. भात कापून नेल्यावर शेत रिकामे दिसते. गाडी फिरवायला मोकळे मैदानच मिळाले, असे शहरातून आलेल्याला वाटते. पण छत्तीसगडच्या कन्हार आणि डोरसा जमिनींत 'उतेरा' नावाची पद्धत आहे. भात उभे असतानाच ओल्या मातीत तिवरा फेकून पेरतात. पूर्व विदर्भात यालाच लाखोळी म्हणतात. कापणीनंतर भाताच्या धसकटांमध्ये त्याची कोवळी रोपे वाढत असतात. त्या शेतातून एक गाडी गेली, तर एका कुटुंबाच्या डाळीवरून ती गेली, असे समजावे. बांध फुटला, तर पुढच्या हंगामाचे पाणीही वाहून जाते. बारनवापारासारख्या अभयारण्यात तर ठरलेली वाट सोडणे हा वन्यजीवांवर अन्यायच होय.

तेव्हा उत्तम गाडी कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. चिखलवाटेवर एकट्याने जाणाऱ्याला हलकी गाडी योग्य. भार घेऊन घाट चढणाऱ्याला जोरदार इंजिनाची. खडकाळ वाटेवर डिफरन्शिअल जखडणारी. आणि वर्षातून दोनदाच कच्च्या रस्त्यावर उतरणाऱ्या कुटुंबाला कदाचित साधीच गाडी पुरेशी. कोठे, केव्हा, काय घेऊन आणि किती वेळा जायचे, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याने शोधली, त्याची निवड अर्धी झालीच. उरलेली अर्धी, म्हणजे कोठे जायचे नाही हे ठरवणे, त्याने रोज नव्याने करावयाची असते.

१४.४ शब्दार्थ

आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
दंतचक्र – दाते असलेले चाक
टप – वाहनाचे वरचे आच्छादन
निकष – कसोटी
अधांतरी – आधाराशिवाय वर असलेले
धसकट – पीक कापल्यावर जमिनीत उरलेला बुंधा
निर्धोक – धोका नसलेले

१४.५ पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
१. उंचवट्यावरच्या लाल, मुरमाड जमिनीला ............ म्हणतात.
२. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना म्हणजे ............ .
३. तिवऱ्याला पूर्व विदर्भात ............ म्हणतात.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. गरजेपुरती चार चाकांची जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरावी.
२. हलकी गाडी मऊ जमिनीत कमी रुतते.

१४.६ भाषाभ्यास

'माणसे आणि सामान भरून चढ चढायचा असेल, तर हा जोर कामी येतो.' या वाक्यात एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे. पहिल्या भागात अट आहे आणि दुसऱ्या भागात तिचा परिणाम. अशा वाक्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. बोलण्यात 'जर' हा शब्द पुष्कळदा गाळला जातो. 'तर' मात्र राहतो. पाठातून अशी आणखी दोन वाक्ये शोधून लिहा.

१४.७ तुम्ही काय शिकलात?

• वाहनाची निवड माती, ऋतू, भार आणि दुरुस्तीची सोय यांवर अवलंबून असते.
• चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.
• गरज बदलली, की योग्य वस्तूही बदलते.
• समर्थ वाहन हाती असणाऱ्याची पाण्याविषयीची सावधगिरी आणि जमिनीविषयीची जबाबदारी अधिक असते.

१४.८ पाठान्त प्रश्न

१. कन्हार जमिनीवरून पावसाळ्यात गाडी नेणे कठीण का होते?
२. सैन्याच्या उदाहरणातून निवडीविषयी कोणता बोध मिळतो?
३. 'एका कुटुंबाच्या डाळीवरून ती गेली' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या गावाजवळील एखाद्या कच्च्या वाटेचे वर्णन करा. त्या वाटेसाठी कोणत्या प्रकारचे वाहन योग्य ठरेल, ते कारणांसह आठ-दहा ओळींत लिहा.

१४.९ पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. भाठा २. डिफरन्शिअल ३. लाखोळी
(आ) १. चूक २. बरोबर