मुक्ताबाईचा निबंध आणि आपल्या मुली

वाचन : गलतीकरांस पत्र ३:२६-२८



दलित मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण सावित्रीबाईंचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या शाळांत शिकणारी मुलगी काय म्हणाली, हे फारसे कोणी विचारत नाही.

मुक्ताबाई साळवे ही मांग समाजातील मुलगी पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. वय सुमारे चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापून आला.

तिचा प्रश्न सरळ होता. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? ग्रंथच नसेल, तर आमचा धर्म तरी कोणता? पेशवाईत महार-मांगाने लिहावाचायला शिकणे किती धोक्याचे होते, हेही तिने लिहिले. मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक छोटा उल्लेख : आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील! वर्गात एक मुलगी होती, म्हणून हे दुःख कागदावर आले.

आता आपल्याकडे पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. दलित ख्रिस्ती व मुस्लीम बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही. वस्तीतला भेदभाव मात्र दाखला विचारत नाही! घरात पैसे एकाच्याच फीपुरते असले, तर बहुधा मुलीचे नाव शाळेतून निघते. दाखल्याचा प्रश्न मुलींना अधिक जाचतो तो असा.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. भारतीय कॅथोलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेतही जातिभेद चालतो हे मान्य केले आहे.

चर्चेसाठी :
दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या आपल्या धर्मग्रामातील मुली कोणत्या? त्यांच्या घरी कोण जाऊन आले?