आरसा नसलेला कॅमेरा

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरसा आपल्या डोळ्याकडे वळवितो. २००८ पासून रूढ होत गेलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो व उतरणारे चित्र चिमुकल्या पडद्यावर आधीच दिसते. सौंसरच्या संत्राबागेतील ऊन-सावलीचा मेळ त्यामुळे अगोदरच साधता येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार होते. दगडाचा वेग सेकंदास २० मीटर मानला, तर १/१००० सेकंदात तो २ सेंटिमीटरच सरकतो. म्हणून जवळजवळ स्थिर उमटतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बहुधा सेन्सर ओळीओळीने वाचते व वेगवान वस्तू तिरपी दिसते. तेथे आम्ही यांत्रिक शटर सुचवितो.

कॅमेरा दगडास चित्रात थांबवितो. उगारलेला हात थांबविणे हे आपलेच काम होय.