जिजाऊंच्या माहेरी

अगं मने, तुझा निरोप वाचला. डिसेंबरच्या सुट्टीत येताय, आणि चार दिवसांत सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, शेगाव, खामगाव आणि वर अजिंठा-वेरूळही उरकायचं म्हणतेस. जावईबापूंनी म्हणे तासातासाचा तक्ता केलाय. बाई, रागावू नकोस, पण तो तक्ता आधी बाजूला ठेव. मोठी बहीण म्हणून थोडं मनातलं बोलते.

मागच्या वर्षी तुम्ही मला आणि आईला तिकडे फिरवलंत. लंडन, बाथ, यॉर्क, एडिंबरा. किती हौसेनं केलंत सगळं! पण तेव्हा बोलले नाही ते आज सांगते. ‘एवढ्या लांब आलोय, तर काही सुटायला नको’ हा हट्ट माझा होता. यॉर्कच्या स्टेशनावर आईचे पाय सुजले होते आणि तिनं ते साडीच्या काठाखाली लपवले. तुझा धाकटा बाकावर बसून रडला, ‘मला आता एकही किल्ला नको’ म्हणाला, आणि मी त्यालाच दटावलं. ते अजून सलतं गं.

त्याच पोराला टॉवर ऑफ लंडनमधला एक तास मात्र तोंडपाठ आहे. गडद निळ्या पोशाखातल्या त्या रखवालदारानं डोमकावळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली होती ना, कावळे उडून गेले तर राज्य बुडेल, म्हणून ते तिथं पाळतात. बाथला रोमन लोकांच्या स्नानकुंडापाशी पोरांनी कानाला यंत्र लावलं तेव्हा कुठे त्या 46 अंशांच्या झऱ्यात त्यांना राम दिसला. आपल्याकडे असं यंत्र मिळेल हे धरून चालू नकोस. ते काम तुझं. आत्तापासून रोज रात्री निजताना पोरांना थोडं थोडं सांगत जा, म्हणजे इथं आल्यावर दगड त्यांच्या ओळखीचे होतील.

सुरुवात सिंदखेडपासून कर. जिजाऊंच्या वडिलांचा, लखुजी जाधवांचा वाडा दाखवताना ‘इथे 12 जानेवारी 1598 ला जिजाऊंचा जन्म झाला’ एवढ्यावर थांबू नकोस. साऱ्या महाराष्ट्राला त्या राजमाता, पण या गावाला त्या माहेरची लेक आहेत. रंगमहालात नेशील तेव्हा सांग, रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाऊ आणि शहाजीराजांच्या लग्नाचा विषय इथेच निघाला असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलंय. मग लखुजींच्या समाधीकडे जा. केवढी थोरली दगडी वास्तू आहे ती! तिथं पोरांना खाली बसव आणि पुढचं सांग. 1629 च्या जुलैमध्ये देवगिरीच्या दरबारात निजामशहानं लखुजींना मुलांसकट मारलं. तेव्हा शिवराय जिजाऊंच्या पोटात होते, पुढच्या फेब्रुवारीत ते शिवनेरीवर जन्मले. एका बाईचं माहेर एका दिवसात असं मोडलं. मला तर त्या समाधीपाशी दर वेळी गळा दाटून येतो. तुझी थोरली आता तेरा वर्षांची झाली, तिला हे कळेल. काळा कोटाच्या दांडग्या भिंती आणि पुतळाबारवेवरच्या मूर्ती त्यानंतर दाखव, आणि संध्याकाळी मोतीतलावाच्या बांधावर नुसतं बसा. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. 12 जानेवारीला इथं जन्मोत्सवाला अलोट गर्दी लोटते. पोरांच्या शाळा त्याआधी उघडतात, म्हणून तुम्हाला निवांत डिसेंबरच बरा.

लोणारला सकाळी लवकर पोच. काठावरून पहिल्यांदा बघताना कुणी काही बोलू नका. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, जवळपास दीडशे मीटर खोल, आणि तळाशी ते हिरवट खारं पाणी. एडिंबराचा किल्ला विझलेल्या ज्वालामुखीच्या कातळावर बसलाय हे पोरांनी पाहिलंय, मग त्यांना विचार, हा खड्डाही ज्वालामुखीचाच का? बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली, पण हा घाव आकाशातून पडलेल्या दगडाचा आहे हे पक्कं ठरायला 1973 उजाडलं. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, आणि अशा पाषाणात उल्केनं पाडलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी. चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारेही म्हणून इथं येतात. 2020 च्या जूनमध्ये पाणी एकदम गुलाबी झालं होतं, तो खारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा रंग निघाला. त्याच वर्षी हे सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. एवढं तुला ठाऊक असलं की पुरे, बाकी पोरंच विचारतील. एवढ्या खाऱ्या सरोवराच्या काठावर गोमुखाची धार मात्र बारा महिने गोडी! तिच्याखाली त्यांना हात धरू दे. उतरायचं असेल तर ऊन चढायच्या आत, पायात बूट घालून आणि पाणी सोबत घेऊन.

मेहकर जवळच आहे, आणि ते तू वगळू नकोस अशी माझी खास विनंती आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाचे दगड काचेआड पाहून मी गप्प झाले होते, आठवतं? तू विचारलंस, ‘ताई, काय झालं?’ मला तेव्हा मेहकरचा शारंगधर बालाजी आठवला होता. 1888 साली ती काळ्या पाषाणाची, माणसाहून कितीतरी उंच मूर्ती जमिनीतून निघाली. मेहकरकर सांगतात की इंग्रज सरकार ती लंडनला नेणार होतं, म्हणून गावानं घाईघाईनं प्राणप्रतिष्ठा करून टाकली. ती मूर्ती पैनगंगेकाठच्या त्या गावातच राहिली. आजही तिला फुलं वाहतात, बाया पदर पसरून तिच्याशी बोलतात. तुझ्या पोरांनी काचेआडच्या मूर्ती पाहिल्यात, आता पूजेतली पाहू दे. दोन्ही पाहिलेल्या पोरांना पुढं कधीतरी त्यातलं अंतर आपोआप कळेल.

शेगावला आई म्हणेल तेव्हा आणि म्हणेल तितका वेळ. दर्शन, महाप्रसाद, मग गरम कचोरी, तिथं तक्त्याची गरजच नाही. खामगाव आणि अजिंठा-वेरूळ पुढच्या खेपेला. सुटलं म्हणून हळहळू नकोस, माहेर कुठं पळून जात नाही. समृद्धी महामार्गावरून येणार असाल तर जावईबापूंना माझा निरोप सांग, रस्ता सरळसोट आहे, डोळा लागतो, रात्री गाडी चालवायची नाही आणि दर दीड-दोन तासांनी थांबायचं.

आणि आईला सगळीकडे ओढू नकोस. ती नाही म्हणणार नाही, आपल्यालाच ओळखावं लागतं. लोणार गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात तिला सावलीत बसवा, छतावरचं कोरीवकाम तुम्ही सावकाश बघा, आणि एका पोराला तिच्याजवळ ठेवा. विष्णूनं लवणासुराला कसं मारलं ही गोष्ट तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगता येते.